वाचकांचे प्रश्न : गेलेल्या माणसांची गाणी

श्रावणाच्या अंकात आम्ही वाचकांना एक विनंती केली होती. जे गाणे कानावर पडताच तुम्हाला गेलेले माणूस आठवते, त्याबद्दल आम्हाला लिहा, अशी ती विनंती होती. आलेल्या पत्रांत आठवणी होत्याच, पण बहुतेकांनी आठवणीच्या शेवटी काहीतरी विचारले होते आणि काही पत्रांतून तर गाण्याची चक्क भीती जाणवत होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान जाऊन चौदा महिने झाले. घर, बँकेची कामे, मुलीचे कॉलेज असे सगळे मी पाहते आहे. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही दुकानात गेलो असताना तेथे एक जुने गाणे लागले. सकाळी स्कूटर बाहेर काढताना त्या गाण्याच्या सुरुवातीची बासरी शिट्टीवर वाजवायची ह्यांची सवय होती. शब्द सुरू होण्याआधीच मला रडू फुटले आणि ते आवरेना. जाऊबाई म्हणाल्या, "अजून सावरली नाहीस गं तू." त्या दिवसापासून मी घरातला रेडिओ बंद ठेवला आहे. ह्यांचा फोटो तर मी रोज पाहते, तेव्हा असे होत नाही. मग गाण्यानेच का व्हावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, जाऊबाई मायेने म्हणाल्या असतील, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. जी बाई चौदा महिने घर, बँक आणि मुलीचे शिक्षण सांभाळते आहे ती सावरलेली आहे. सावरलेल्या माणसालाही रडू येते, आणि दुकानात त्या दिवशी एवढेच घडले.

आता तुमचा मूळ प्रश्न. ओळखीचे गाणे आपल्याला एका सेकंदाच्याही आत ओळखू येते. 'हे अमुक गाणे' असे मनात उमटेपर्यंत मेंदूने ते ओळखलेले असते आणि त्याला जोडलेली भावना जागीही झालेली असते. शब्दांच्या आधी डोळ्यांत पाणी आले, असे तुम्ही जे लिहिले आहे ते म्हणूनच अगदी अचूक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पेत्र जनाता या संशोधकाने विद्यार्थ्यांना त्यांच्या लहानपणची आणि किशोरवयातील लोकप्रिय गाणी ऐकवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गाण्याला स्वतःच्या आयुष्यातील आठवण चिकटलेली होती ते वाजत असताना कपाळाच्या मागचा एक भाग विशेष सक्रिय झालेला त्यांना दिसला, आणि सूर, आठवण व भावना यांची गाठ तेथे पडत असावी असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यातही साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंत ऐकलेली गाणी सर्वांत घट्ट धरून राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. आपल्याकडे संसाराची पहिली वर्षे बहुधा याच वयात येतात.

मग फोटोचे काय? फोटो भिंतीवर असतो. तुम्ही त्याला हार घालता, त्याच्यासमोरून दिवसातून वीस वेळा जाता, त्याच्याकडे पाहत गॅसचे बिलही शोधता. चौदा महिन्यांचे रोजचे दिवस आता त्या फोटोला चिकटले आहेत, आणि एकाच खुणेला जितक्या आठवणी बांधाव्यात तितकी त्यांतील प्रत्येक आठवण क्षीणपणे वर येते. गाण्याचे तसे झाले नाही. त्या बासरीला स्कूटरची सकाळ आणि ती शिट्टी यांखेरीज दुसरे काहीच बांधलेले नव्हते, म्हणून ती वाजताच ती सकाळ जशीच्या तशी समोर आली. शिवाय फोटोकडे पाहताना मन तयार असते, तर गाणे न सांगता येते.

माझ्या वडिलांचे सांगते. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवले की आधी नुसता दिवा लागायचा आणि आवाज बऱ्याच वेळाने यायचा. रेडिओ सिलोनवर सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम असे आणि त्यातले शेवटचे गाणे कुंदनलाल सैगल यांचे असे. सैगल १९४७ सालीच गेले होते, तरी रोज आठला तीन मिनिटे कमी असताना ते आमच्या घरात गात असत. वडील एक बूट पायात आणि दुसरा हातात अशा अवस्थेत ते गाणे संपेपर्यंत दाराशी उभे राहत. ते गेल्यावर दोन वर्षे मला सैगल ऐकवला नाही. आता ऐकते, पण वर्षातून मोजक्याच वेळा आणि सकाळीच, आणि ऐकताना बुटाच्या पॉलिशचा वास येतो. ते गाणे मी रोज लावले असते तर तो वास केव्हाच नाहीसा झाला असता, असे मला वाटते.

म्हणून रेडिओ सुरू करा. ते विशिष्ट गाणे पहिल्यांदा मात्र तुम्ही ठरवलेल्या वेळी, घरात, मुलीला शेजारी बसवून ऐका आणि शिट्टीची गोष्ट तिला सांगा. तिने ती शिट्टी अंथरुणात पडून ऐकलेली असेल, आणि कदाचित तिच्याकडे तुम्हाला माहीत नसलेले काही असेल. दुकानात पुन्हा कधी ते गाणे लागलेच, तर बाहेर येऊन दोन मिनिटे उभे राहण्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी लिहिते. सहा महिन्यांहून अधिक काळ उलटूनही दुःखाची धार जराही कमी होत नसेल, माणूस रोजचे व्यवहार करू शकत नसेल किंवा जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही त्या अवस्थेची वेगळी नोंद आहे आणि तिच्यावर उपचार होतात. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते. तुमच्या पत्रात, ताई, यांपैकी काही मला दिसले नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा मित्र होतो. बावीस वर्षांपूर्वी एक जण अपघातात गेला. गडावर मुक्काम असला की जेवणानंतर तो एक ठरावीक गाणे म्हणायचा, दुसऱ्या कडव्याचे शब्द कायम चुकवून. आम्ही पाच जण अजूनही दर डिसेंबरात एका गडावर जातो, पण ते गाणे कुणीही काढत नाही. या वेळी एका मित्राच्या मुलाने गिटारवर नेमके तेच सुरू केले. आम्ही सगळे एकदम गप्प झालो आणि त्या पोराने घाबरून माफी मागितली. आम्ही त्याच्याशी आणि आमच्या मित्राशीही चुकीचे वागलो असे मला वाटते. आणखी एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मित्राचा आवाज मला आता आठवत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच तुम्हाला सर्वांत जड गेले असणार. गेलेल्या माणसाचा आवाज पुसट होणे हा अनुभव फार जणांना येतो. ज्यांना येतो ते तुमच्याप्रमाणेच तो लपवतात, त्यामुळे प्रत्येकाला ही आपली एकट्याचीच चूक वाटते. ही विस्मृती प्रेम कमी झाल्याचा पुरावा नाही. चेहऱ्यासाठी निदान फोटो असतात, पण बावीस वर्षांपूर्वी आवाज टिपून ठेवणारा फोन कुणाच्या खिशात होता? तरीही दुसऱ्या कडव्यात शब्द चुकायचा हे तुम्हाला आठवते, आणि तो चुकीचा शब्द कोणता हेही नक्की आठवत असणार. तो आवाजाचाच भाग आहे.

आपल्या रीतींमध्ये मित्राच्या दुःखाला जागा फार थोडी आहे. मित्राला सुतक नसते. तेराव्याला तो सतरंजीच्या कडेला बसतो, वाढायला मदत करतो, मित्राच्या आईकडे पाहण्याचे टाळतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. तुम्ही पाच जणांनी बावीस वर्षे दर डिसेंबरात जे केले आहे तो तुमचा तुम्ही शोधलेला रिवाज आहे. त्यात ते गाणे न म्हणणे हाही एक रिवाज होऊन बसला. ते मौन सुरुवातीला आदराचे होते, परंतु एका मुलाला त्याची भीती वाटली, त्या अर्थी आता त्यात बदल करण्याची वेळ आली आहे.

मराठीत मित्राच्या जाण्याचे गाणे नवे नाही. ज्ञानेश्वरांनी आळंदीला १२९६ साली समाधी घेतली तेव्हाचे वर्णन नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत आले आहे. निवृत्तिनाथांची त्या वेळची अवस्था सांगताना त्यांत म्हटले आहे की बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी निघून जावे, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावे, तसे झाले. ज्यांनी पेंढी बांधली आहे त्यांनाच आळा सुटणे म्हणजे काय ते कळते, आणि तुमच्या सहा जणांच्या गटालाही ते कळेल. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधिसोहळ्यात नामदेवांच्या वंशपरंपरेतील नामदास महाराजांचे कीर्तन होते. ते सुरू असताना मंडपात उभे राहून पाहावे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वियोगासाठी शेतकरी, शिक्षक, म्हाताऱ्या बाया डोळे पुसत असतात, आणि त्यांत कुणालाच संकोच वाटत नाही. दुःख गाण्यात घातले आणि ते गाणे दरवर्षी एकत्र म्हटले, म्हणून ते इतकी वर्षे राहिले.

तेव्हा येत्या डिसेंबरात जाण्यापूर्वीच त्या मुलाला फोन करा, त्याच्या वडिलांवर सोपवू नका. त्याची चूक नव्हती हे सांगा, मित्राचे नाव सांगा, आणि गिटार घेऊन ये असे सांगा. गडावर पहिले कडवे त्याला म्हणू द्या. दुसरे तुम्ही पाच जणांनी म्हणा, आणि तुमच्या मित्रासारखेच चुकवून म्हणा. कुणाचा गळा दाटला तर दाटू द्या. जमल्यास मित्राच्या घरीही एकदा जाऊन या. घरच्या मंडळींना तुम्ही त्याला विसरला असाल असे वाटत असेल, आणि त्यांच्या कपाटात एखादी ध्वनिफीत किंवा लग्नाची चित्रफीत पडून असू शकते, जिच्यात मागून कुठेतरी त्याचा आवाज आला असेल.

प्रश्न : वडिलांच्या वर्षश्राद्धाला भजनाऐवजी त्यांना आवडणारी जुनी चित्रपटगीते लावावीत असे मला वाटते. काका म्हणतात, हे शोभत नाही. (एक वाचक, अकोला)

उत्तर : विधी सुरू असताना काकांच्या मनाप्रमाणे होऊ द्या. जेवणे झाल्यावर, घरची माणसे पान खात बसलेली असताना, वडिलांची गाणी लावा. भक्तीचे गाणे आणि लौकिकातले गाणे यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी उंच नाही. वारकरी गावांत अंत्ययात्रेत 'आम्ही जातो आपुल्या गावा' हा तुकोबांचा अभंग टाळमृदंगावर म्हणतात आणि तोच अभंग एरवी लोक घरी आवडीने ऐकतात. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून रेडिओचा साप्ताहिक कार्यक्रम म्हणून सुरू झाले. त्यातील एका गीतात भरताची समजूत घालताना रामाच्या तोंडी सागरात भेटून दुरावणाऱ्या दोन ओंडक्यांचा जो दृष्टान्त आहे तो वाल्मीकींच्या अयोध्याकांडातून आलेला आहे, आणि आज ते गीत कितीतरी घरांत दहाव्या-बाराव्या दिवशी लावले जाते. पहिले गाणे कोणते लावायचे ते मात्र काकांनाच विचारा. भावाची आवड त्यांना तुमच्याहून अधिक वर्षे माहीत आहे.

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे असून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. आई तीन वर्षांपूर्वी गेली. ती रोज पहाटे एक भूपाळी म्हणायची. ती भूपाळी लावली की बाबा सगळी म्हणतात, एक शब्द चुकत नाहीत, आणि संपल्यावर स्वयंपाकघराकडे पाहून तिला हाक मारतात. आई गेली असे सांगितले की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात. भूपाळी बंद करावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बंद करू नका. नातवाचे नाव आठवत नाही, पण तरुणपणी ऐकलेले गाणे पूर्ण म्हणता येते, असे या आजारात पुष्कळदा दिसते, आणि ती भूपाळी म्हणताना तुमचे वडील जसे होते तसे काही मिनिटे असतात. ती मिनिटे त्यांच्यापासून काढून घेऊ नयेत.

बदल करायचा आहे तो हाकेनंतरच्या बोलण्यात. ही बातमी त्यांच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी ती सांगणे म्हणजे प्रत्येक वेळी त्यांना नव्याने त्या दुःखात लोटणे होय. त्यांनी हाक मारली की "आईची आठवण आली का, बाबा?" असे म्हणून त्यांच्याजवळ बसा. ती भूपाळी कुठे शिकली, चहात आले घालायची की गवती चहा, असे काही विचारा. खोटे सांगावे लागत नाही आणि घावही बसत नाही. त्यांनीच सरळ "ती गेली का?" असे विचारले, तर मात्र हळुवारपणे होय म्हणा आणि हात धरून ठेवा, कारण त्या क्षणी त्यांना खरेच जाणून घ्यायचे आहे. आणि ही पहाट तुमच्यासाठीही जड असणार. तुमचीही आई गेली आहे, आणि तुम्हाला ते रोज आठवते. आठवड्यातून एखाद्या दिवशी भूपाळीच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी बाबांजवळ बसू द्या.

प्रश्न : माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आहे, १९८८ साली मामाने टिपलेली. आजी आणि मामा दोघेही आता नाहीत. गेल्या आठवड्यात जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली तर किंचाळल्यासारखा आवाज येऊन ती थांबली. मी घाबरून काढून ठेवली आहे. ती वाचेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : लगेच काढलीत हे फार चांगले केले. बहुधा वाचेल, फक्त घाई करू नका.

प्रथम कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडा उजेडात पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी फीत घरी वाजवू नये, ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. बुरशी नसेल तर कॅसेटच्या चक्राच्या दातांत पेन्सिल घालून दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवून पाहा. कुठे अडते का ते हाताला कळते. बरीच वर्षे पडून राहिलेल्या फितीचे वेढे एकमेकांना किंवा आतल्या कागदी थराला चिकटतात आणि किंचाळणे बहुधा त्यातूनच येते. फितीमागे स्पंजाचा किंवा नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज बसतो. अशा वेळी फीत काळजीपूर्वक दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात घालता येते. हेही जाणकाराचे काम आहे. कॅसेट ९० मिनिटांची असेल तर तिची फीत ६० मिनिटांच्या फितीपेक्षा पातळ असते, म्हणून अधिक जपा.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या असतात. त्या तोडून टाका, म्हणजे चुकून कुणी लाल बटण दाबले तरी आजीच्या आवाजावर दुसरे काही टिपले जाणार नाही. टेपरेकॉर्डरचे हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून पूर्ण सुकू द्या, आणि आधी दुसरी, बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून यंत्र फीत गिळत नाही ना याची खात्री करा. आजीची कॅसेट लावाल तेव्हा पहिल्याच वेळी संगणकावर नोंद सुरू असू द्या, कारण पहिली वेळ शेवटचीही ठरू शकते. नोंद 'वेव्ह' स्वरूपात करा आणि प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यांपैकी एक घराबाहेर. मूळ प्रत साफ करून घेऊ नका. आवाज स्वच्छ करणारी सॉफ्टवेअर जात्याची घरघर हा गोंगाट समजून काढून टाकतात. आजीचा श्वास कुठे संपतो आणि ती खुंट्याला जोर कुठे देते हे त्या घरघरीतच आहे.

हे झाले की वही घेऊन बसा आणि एकेक ओवी लिहून काढा. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून छापल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावरील संग्रहात वाचता-ऐकता येतात. त्या चाळल्यात तर आजीच्या एखाद्या ओवीची बहीण तुम्हाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईच्या तोंडी सापडेल. पण तिची स्वतःची अशी एक गोष्ट तुमच्या कॅसेटमध्येच असणार. ओवीत भावाचे, लेकराचे, माहेरच्या गावाचे नाव गुंफण्याची रीत आहे. ती नावे कुणाची हे सांगणारे एखादे माणूस, आजीची धाकटी जाऊ किंवा एखादी शेजारीण, अजून गावात असेल. फीत उतरवून झाली की त्यांच्याकडे जा, मोबाइलवर त्यांना ती ऐकवा आणि मधे न बोलता ऐका. त्या पुढची ओवी स्वतःच म्हणू लागल्या तर तीही टिपून घ्या.